नंबर कोणाचा, नोंद कोणाची : सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल आणि नॅपकिन विणणारा हा कारखाना दोन भावांच्या भागीदारीत चालतो. थोरल्या भावांना घरचे आणि कामगार सगळेच अण्णा म्हणतात. माग, सूत आणि रंगाई त्यांच्याकडे असते. धाकटे भाऊ विक्री आणि वसुली पाहतात. अण्णांची मुलगी बी.कॉम. झाल्यापासून कार्यालयात बसते. बिले, ई-वे बिल आणि ट्रान्सपोर्टच्या पावत्या ती सांभाळते. कारखान्याचे जीएसटी आणि आयकराचे काम माझ्याकडे असल्यामुळे पुढील घडामोडी मला जवळून पाहता आल्या. कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.

माल मुख्यतः महाराष्ट्राबाहेर जातो. हुबळी, हैदराबाद, सुरत, कोलकाता आणि राज्यातले नागपूर मिळून सव्वाशेच्या आसपास व्यापारी नेमाने माल उचलतात. त्यांतल्या अनेकांशी व्यवहार मागच्या पिढीपासूनचा आहे आणि कारखान्याचा ०२१७ ने सुरू होणारा लँडलाइन नंबर त्यांच्याकडे वर्षानुवर्षे लिहून ठेवलेला आहे. पूर्वी एजंट नमुन्यांची बॅग घेऊन फिरत, ऑर्डर फोनवर येई आणि ती ऑर्डर बुकात उतरवली जाई. पुढे धाकट्या भावांनी स्वतःच्या मोबाइलवर व्यापाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नव्या डिझाइनचा फोटो टाकला की काही मिनिटांत मागणी येऊ लागली, एजंटांचे फिरणे कमी झाले आणि ऑर्डर बुक हळूहळू बंद पडले. ते बंद करायचे असे कोणी ठरवले नव्हते. लिहिण्याची गरज वाटेनाशी झाली, एवढेच.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले. एका निर्यातदारासाठी चाललेले जॉबचे (मजुरीवर विणून देण्याचे) काम त्यामुळे जवळजवळ थांबले आणि कारखान्याची भिस्त पूर्णपणे देशातल्या व्यापाऱ्यांवर आली. म्हणजे ज्या ग्रुपकडे आजवर जोडव्यवसायाच्या नजरेने पाहिले जात होते, त्याच्यावर दिवाळीचा सगळा हंगाम येऊन टेकला.

अडचण

सप्टेंबरमध्ये तीन घटना लागोपाठ घडल्या.

पहिली ऑर्डरची. मरून काठाच्या टॉवेलचा फोटो ग्रुपवर गेला होता. हुबळीच्या व्यापाऱ्यांनी ‘वरचा दोनशे डझन’ असे लिहिले. पण ते लिहीत असतानाच मध्ये पिस्ता रंगाच्या चौकड्यांचा फोटो येऊन पडला आणि ‘वरचा’ म्हणजे पिस्ता असे कारखान्यात समजले गेले. टेरी टॉवेलच्या मागाला दोन बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेले रूळ) लागतात, एक पायाच्या ताण्याचे आणि दुसरे वरची लव उभी करणाऱ्या ताण्याचे. रंगीत सुताची बीम एकदा मागावर चढली की ती संपेपर्यंत तोच माल काढत राहावे लागते. त्यामुळे चूक लक्षात आल्यावरही पिस्ता रंगाचे विणकाम थांबवता आले नाही, आणि मरून माल उशिरा गेला तो वेगळाच.

दुसरी घटना मालाच्या भावाची. सुरतेच्या एका मोठ्या व्यापाऱ्यांना रोखीसाठी दिलेला खास भाव धाकट्या भावांनी घाईत खासगी संदेशाऐवजी ग्रुपवर पाठवला. चूक ध्यानात येताच त्यांनी तो संदेश सर्वांसाठी पुसला, परंतु तोवर ज्यांनी वाचायचा त्यांनी वाचला होता. पुढचे काही दिवस नागपूरहून आणि हैदराबादहून ‘आम्हाला का नाही’ हे विचारणारे फोन येत राहिले.

तिसऱ्या घटनेने मात्र झोप उडवली. कारखान्याच्या लेबलचे चित्र लावलेल्या एका अनोळखी नंबरवरून ग्रुपमधल्या अनेक व्यापाऱ्यांना स्वतंत्र संदेश गेले : तपासणीमुळे आमचे बँक खाते तात्पुरते बंद आहे, थकबाकी पुढील खात्यात जमा करावी. नागपूरच्या एका वयस्क व्यापाऱ्यांनी पैसे भरण्याआधी लँडलाइनवर फोन करून ‘मालक, बँक बदलली काय?’ असे विचारले, म्हणून बिंग फुटले आणि कोणाचे पैसे गेले नाहीत. ग्रुपमध्ये प्रत्येक सदस्याचा नंबर प्रत्येकाला दिसतो, हे सगळ्यांना माहीत होते. त्याचा अर्थ आपल्या ग्राहकांची पूर्ण यादी आपणच उघड्यावर ठेवली आहे असा होतो, हे त्या दिवशी प्रथम कळले. यादी तपासली तेव्हा कोणालाही ओळख न पटणारे सात-आठ नंबर तिच्यात निघाले. ग्रुपची लिंक कोणी कोणाला दिली याचा माग लागला नाही, कारण नव्या सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागावी ही सोय कधी चालूच केलेली नव्हती.

सल्ल्यांची गर्दी

यानंतर जो तो एक साधन सुचवू लागला. सुरतेचे व्यापारी म्हणाले, सगळे टेलिग्रामवर या. धाकट्या भावांच्या मित्राने व्हॉट्सॲपवरच चॅनेल काढायला सांगितले. झोहो कंपनीचे अराट्टै हे ॲप २०२१ पासून उपलब्ध असले तरी सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस त्याची अचानक देशभर चर्चा सुरू झाली होती. स्वदेशी म्हणून तेच घ्यावे, असे शहराच्या पूर्व भागातल्या काही कारखानदारांचे मत पडले. पुण्याहून एका एजन्सीचा माणूस येऊन गेला आणि व्यापाऱ्यांना आपोआप उत्तरे देणारा चॅटबॉट बसवून देतो म्हणाला. कम्युनिटी, ब्रॉडकास्ट, बिझनेस ॲप, प्लॅटफॉर्म हे शब्द एकाच आठवड्यात कानावर आदळत होते आणि ते एकाच गोष्टीचे प्रकार आहेत की वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हेच कळत नव्हते.

अण्णांचा सूर वैतागाचा होता. ‘ग्रुप म्हणजे चाटी गल्लीतला कट्टा झाला. कट्ट्यावर बसून कोण भाव सांगतंय का?’ असे ते म्हणाले. माझ्या मते सगळ्या चर्चेतले सर्वांत नेमके निरीक्षण हेच होते, कारण अण्णा ॲपविषयी बोलत नव्हते. कोणते बोलणे किती जणांत करायचे, याविषयी ते बोलत होते. आणि बाकी सगळे सल्ले नेमका हाच प्रश्न ओलांडून थेट ॲपच्या नावावर येत होते.

पहिला निर्णयबिंदू : आधी काय विचारायचे

कोणते ॲप चांगले, हा प्रश्न बाजूला ठेवायचे ठरले. अण्णांच्या मुलीने त्याऐवजी एका कागदावर साधे प्रश्न उतरवले. एकाने लिहिलेले कोणाकोणाला दिसते? कोणाचा नंबर कोणाला दिसतो? व्यापाऱ्याने दिलेले उत्तर एकट्या कारखान्याला जाते की सगळ्यांना? लिहिलेले नंतर बदलता किंवा पुसता येते का, आणि किती वेळात? फोन हरवला तर मागचे सगळे कुठे असते? नंतर एका दुपारी कार्यालयातले चार फोन टेबलावर मांडण्यात आले. एक कारखान्याचा, एक सुरतेचा, एक नागपूरचा आणि एक ओळख नसलेल्या माणसाचा, असे मानून प्रत्येक साधन त्या चौघांत चालवून पाहिले.

ही दुपार फार उपयोगी ठरली. चॅनेलवर टाकलेला फोटो ‘अनोळखी’ फोनवरही सहज उघडला, हे अण्णांनी स्वतः पाहिले. भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आलेली ही सोय एकतर्फी घोषणेसाठी आहे. अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत ही जमेची बाजू, पण त्यांना चॅनेलवर लिहून ऑर्डर देता येत नाही, मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर ३० दिवसच राहतो आणि त्याला खासगी गप्पांसारखे टोकापासून टोकापर्यंतचे कूटलेखन (एन्क्रिप्शन) नसते. नवे डिझाइन बाजारात येण्याआधीच शेजारच्या शेडमध्ये पोचवायचे असेल तर याहून सोपा मार्ग नाही, अशी टिप्पणी धाकट्या भावांनी केली.

टेलिग्राममध्ये नंबर न दाखवता वापरनावाने बोलता येते आणि ग्रुपची मर्यादा दोन लाख सदस्यांची आहे, तेव्हा क्षमतेचा प्रश्नच नव्हता. मात्र तिथल्या नेहमीच्या गप्पा कंपनीच्या क्लाउडवर राहतात. दोन टोकांमधले कूटलेखन हवे असेल तर ‘गुप्त गप्पा’ वेगळ्या उघडाव्या लागतात. त्याहून अवघड गोष्ट अशी की वापरनावाच्या आड कोण आहे हे कळणे आणखी कठीण, आणि ज्या कारखान्याला नुकताच तोतयाने इंगा दाखवला होता त्याला हे परवडणारे नव्हते. अराट्टैची चाचणी घेताना ॲपमध्ये खोट काढण्याजोगे काही हाती लागले नाही. अडचण एवढीच होती की सव्वाशेपैकी बोटांवर मोजण्याइतक्या व्यापाऱ्यांकडे ते होते. ज्या साधनावर समोरचा माणूसच नाही, त्याचे गुणदोष तपासत बसण्यात त्या हंगामात अर्थ नव्हता.

व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या (अनेक ग्रुप एकत्र जोडणारी सोय) सूचनांच्या भागात सदस्यांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात, त्यामुळे ती सोय काही काळ आघाडीवर होती. परंतु तिच्या आतल्या उपग्रुपांत पुन्हा तेच उघडे नंबर आणि तीच गर्दी. शेवटी उरली ती ब्रॉडकास्ट यादी. हिच्यात एकच संदेश अनेकांना जातो, पण प्रत्येकाला तो स्वतंत्र आल्यासारखा दिसतो आणि उत्तर फक्त पाठवणाऱ्याकडे येते. एका यादीत २५६ नावे बसतात, जे या कारखान्याला पुरेसे होते. अट एकच : ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे, त्यालाच तो संदेश पोचतो. या अटीकडे त्या दुपारी सर्वांनी पाहिले आणि पुढे गेले. नंतर तिनेच त्रास दिला.

दुसरा निर्णयबिंदू : नंबर कोणाचा

साधन ठरल्यावर वाटले की काम संपले. पण व्हॉट्सॲप बिझनेस (धंद्यासाठीचे वेगळे ॲप) कोणत्या नंबरवर उघडायचे, यावर घरात खरी चर्चा झाली. आजवरचा सगळा व्यवहार धाकट्या भावांच्या खासगी सिमवर होता. ते म्हणाले, व्यापारी मला ओळखतात, हाच नंबर ठेवा. अण्णा गप्प राहिले. भागीदारीत असे प्रश्न नाजूक असतात, हे मी अनेक कारखान्यांत पाहिले आहे. ग्राहकांची यादी ज्याच्या खिशात, विक्री त्याची, असा अर्थ कोणी उच्चारत नाही पण सगळ्यांच्या मनात असतो. मी एवढेच सुचवले की भागीदारीच्या करारात बँक खाते, गोडाऊन आणि ट्रेडमार्क फर्मच्या नावावर आहेत, मग ग्राहक ज्या नंबरवर ऑर्डर देतात तो तरी वेगळा का असावा.

नवे सिम घ्यायचे जवळजवळ ठरले होते, तेवढ्यात मुलीने लँडलाइनचे नाव काढले. वर्षभरापूर्वी भाडे वाचवायला तो नंबर बंद करा, असे तिनेच सुचवले होते. बिझनेस ॲपची नोंदणी लँडलाइनवर करता येते. सहा अंकी कोड संदेशाने येऊ शकत नाही, म्हणून ठरावीक वेळ थांबून ‘फोन करून कोड सांगा’ हा पर्याय निवडायचा. तसे केल्यावर कार्यालयातला जुना फोन वाजला. अण्णांनीच तो उचलला. यंत्राच्या आवाजातले अंक पहिल्या वेळी त्यांच्या कानावरून गेले, मागे मागांचा खडखडाट होता. दुसऱ्या वेळी मुलीने दार लावून घेतले आणि त्यांनी बिलाच्या पाठीवर एकेक अंक लिहून घेतला.

हा निर्णय मला सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, आणि त्याचे कारण तांत्रिक नाही. तोतया कारखान्याचे चित्र लावू शकतो, नाव लावू शकतो. पण बिलबुकावर वर्षानुवर्षे छापला गेलेला नंबर त्याला मिळवता येत नाही. नागपूरच्या व्यापाऱ्यांनी खात्री करायला ज्या नंबरवर फोन केला, तोच आता संदेशांचाही नंबर झाला. सोबत दोन-टप्पा पडताळणीचा सहा अंकी पिन लावला आणि तो तिजोरीतल्या वहीत लिहून ठेवला, दोन्ही भावांना दिसेल असा. मुख्य खाते एका जुन्या हँडसेटवर कार्यालयात राहते. कार्यालयाचा संगणक, मुलीचा टॅब आणि धाकट्या भावांचा फोन जोडउपकरणे म्हणून लावले आहेत. मुख्य फोन १४ दिवस वापरात नसेल तर जोडउपकरणे आपोआप बाहेर पडतात, म्हणून तो हँडसेट रोज सकाळी उघडायचा, असे शिपायाला सांगितलेले आहे.

नोंदीची घडी

नंबर ठरल्यावर ऑर्डरकडे वळले. मुलीने एक बदल केला जो दिसायला अगदी किरकोळ होता. डिझाइनचा फोटो काढताना घडी घातलेल्या टॉवेलच्या कोपऱ्यावर जाड पेनाने लिहिलेली चिठ्ठी ठेवायची : डिझाइन क्रमांक, माप, डझनाचे वजन. चिठ्ठी फोटोचाच भाग झाल्यामुळे तो फोटो कितीही वेळा पुढे गेला तरी क्रमांक सुटत नाही आणि ‘वरचा’, ‘कालचा’, ‘तो मरूनवाला’ हे शब्द बाद होतात. आजवर डिझाइनांना कारखान्यात टोपणनावे होती आणि ती व्यापाऱ्यांपर्यंत पोचलीच नव्हती, हे क्रमांक द्यायला बसल्यावर कळले.

व्यापाऱ्यांचा संदेश आला की तो ऑर्डर धरायचा नाही, हा दुसरा नियम. कारखान्याकडून नोंद क्रमांक, डिझाइन क्रमांक, रंग, डझन, भाव आणि ट्रान्सपोर्टचे नाव एकाच संदेशात जाते; समोरून ‘होय’ आले की ऑर्डर पक्की, आणि त्याच दिवशी ती पुन्हा सुरू केलेल्या ऑर्डर बुकात चढते. बुक कागदाचेच का, असे धाकट्या भावांनी विचारले. त्याचे उत्तर चार फोनांच्या चाचणीतच होते : व्हॉट्सॲपवरचा संदेश १५ मिनिटांच्या आत बदलता येतो आणि दोन दिवसांहून थोडा अधिक काळ सर्वांसाठी पुसता येतो. शिवाय कोलकात्याच्या एका व्यापाऱ्यांशी चाललेल्या गप्पांत ९० दिवसांनी संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू होती. ती त्यांनी मुद्दाम चालू केली असे नाही, त्यांच्या मुलाने फोन भरू नये म्हणून केली होती. पण जूनच्या भावावरून वाद निघाला तेव्हा दोन्ही फोनांवर जूनचे काहीच उरलेले नव्हते. त्या वादात कारखान्याने पडते घेतले.

याविषयी वकिलांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात द्यायची तर तिच्यासोबत विहित प्रमाणपत्र लागते. नुसत्या स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहू नका, मूळ फोन आणि गप्पा जपा. जुन्या ग्रुपवरच्या गप्पा त्यानंतर फाइल करून संगणकावर उतरवून घेतल्या.

मालाचा भाव कळवण्यासाठी विभागवार वेगळ्या ब्रॉडकास्ट याद्या केल्या. खास भाव मात्र लिहायचाच नाही, तो फोनवर सांगायचा, असे अण्णांनी ठरवले आणि त्यावर चर्चा होऊ दिली नाही.

तिसरा निर्णयबिंदू : जुना ग्रुप कधी बंद करायचा

येथे घाई झाली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे दिवाळी तोंडावर असताना, ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनने लिहावे अशी सोय चालू केली आणि ‘यापुढे ऑर्डर लँडलाइनच्या नंबरवर’ अशी सूचना टाकली. तोतयाची भीती ताजी होती, त्यामुळे थांबायला कोणी तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी पहिला ब्रॉडकास्ट गेला आणि उत्तरे अगदी तुरळक आली. व्यापारी नाराज झाले असावेत, असा सगळ्यांचा समज झाला. मुलीने संदेशाची माहिती उघडून पाहिली तेव्हा कारण दिसले : निम्म्याहून अधिक नावांपुढे तो पोचल्याची खूणच नव्हती. लँडलाइन नंबर व्यापाऱ्यांच्या वहीत होता, पाठ होता, बिलावर छापलेला होता. मोबाइलमध्ये मात्र फार थोड्यांनी साठवला होता. पुढचे दोन दिवस तिने आणि धाकट्या भावांनी एकेकाला फोन करून नंबर साठवायला लावला. काही वयस्क व्यापाऱ्यांना लँडलाइनवर व्हॉट्सॲप असते हेच पटेना. हा दुसरा तोतया नव्हे ना, असे एकाने सरळ विचारले. त्यांचा संशय रास्त होता, आणि त्यांना लँडलाइनवर उलट फोन करायला सांगून तो मिटवला.

परिणाम

डिझाइन चुकल्यामुळे वाद होण्याचा प्रकार जानेवारी २०२६ मधल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत पुन्हा झाला नाही. रंगाचा एक वाद झाला : हैदराबादच्या व्यापाऱ्यांच्या पडद्यावर जो मरून दिसत होता, तो हातात आल्यावर त्यांना वांगी रंगाचा वाटला. फोनचा पडदा रंगाची हमी देत नाही, हे मान्य करून आता रंगाच्या नव्या छटेसाठी कापडाचा तुकडा कुरिअरने जातो. एजंटच्या बॅगेतला काही भाग अशा रीतीने परत आला.

एक नुकसान कोणीच आधी हेरले नव्हते. ग्रुपवर हुबळीने दोनशे डझन लिहिले की ते पाहून गदगचे आणि बेळगावचे व्यापारीही मागणी टाकत. एकमेकांच्या ऑर्डर दिसणे ही गळती होती, तशी ती जाहिरातही होती. ब्रॉडकास्टमध्ये प्रत्येक जण एकटा असतो आणि एकटा व्यापारी सावध असतो. दिवाळीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत छोट्या व्यापाऱ्यांची मागणी धाकट्या भावांच्या अपेक्षेपेक्षा कमी राहिली. त्यात ग्रुप बंद झाल्याचा वाटा किती आणि बाजाराचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण त्यांचा अनुभवी अंदाज ग्रुपकडे बोट दाखवतो आणि मला तो खोटा वाटत नाही. आता कोणत्या डिझाइनची किती मागणी नोंदली गेली, हे नावे न देता आठवड्यातून एकदा ब्रॉडकास्टवर सांगितले जाते.

सुरतेचे व्यापारी टेलिग्रामवरच राहिले. त्यांच्या ऑर्डर मोठ्या असल्यामुळे कारखान्याने त्यांच्यापुरते ते साधन ठेवले आहे, मात्र पक्की नोंद लँडलाइनच्या नंबरवरूनच जाते. चॅटबॉटचा प्रस्ताव नाकारला गेला. चॅटबॉट ज्यावर चालतो त्या व्हॉट्सॲपच्या सशुल्क व्यवस्थेत जुलै २०२५ पासून ठरावीक नमुन्याच्या संदेशांना दर संदेशामागे आकार लागतो. तो खर्च या उलाढालीला जड नव्हता. पण ज्या व्यापाऱ्यांनी आवाज ओळखून व्यवहार केला त्यांच्याशी यंत्राने बोलावे, हे दोन्ही भावांना एकाच वेळी नापसंत झाले, आणि असे एकमत त्या घरात विरळाच.

वेगळे काय करता आले असते

ग्रुप एका झटक्यात बंद करण्याऐवजी नव्या सदस्यांना मंजुरी लावून, अनोळखी नंबर काढून टाकून तो दिवाळीपर्यंत चालू ठेवता आला असता, आणि तेवढ्या काळात एकाच विभागाची, समजा नागपूरची, ब्रॉडकास्ट यादी चालवून पाहता आली असती. नंबर साठवलेला नसल्याची अडचण तिथेच उघडी पडली असती. धोका सदस्यांच्या यादीत होता आणि ती तर आधीच बाहेर गेलेली होती, त्यामुळे त्या घाईने फारसे काही वाचले नाही.

तोतयाच्या संदेशाची तक्रारही उशिरा झाली. पैसे गेले नाहीत म्हणजे तक्रारीचे कारण नाही, असे सगळ्यांनी धरले होते. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर तात्काळ कळवायचे असते. पण फसवणुकीचा नुसता प्रयत्न झाला असेल तरी संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या सोयीत तो नंबर कळवता येतो. मार्च २०२४ पासून ही सोय असूनही आमच्यापैकी कोणालाच ती वेळेवर आठवली नाही. त्या नंबरवरून दुसऱ्या कारखान्याच्या व्यापाऱ्यांनाही संदेश गेल्याचे पुढे समजले.

व्यापाऱ्यांना आधी विचारायला हवे होते, असे मुलीचे म्हणणे आहे. अण्णांना ते पटत नाही. सव्वाशे जणांना विचारले तर सव्वाशे ॲप निघतील, असे ते म्हणतात. माझे मत दोघांच्या मधले आहे : सगळ्यांना नाही, पण दर विभागातल्या एका जुन्या व्यापाऱ्यांना विचारायला हरकत नव्हती.

लँडलाइनचा निर्णयही आता पुन्हा तपासावा लागला आहे. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी संदेशांची ॲप चालवणाऱ्या कंपन्यांना निर्देश दिले की ज्या सिमच्या नंबरवर खाते आहे ते सिम फोनमध्ये चालू असल्याशिवाय ॲप चालू नये आणि संगणकावरचे सत्र दर सहा तासांनी बंद व्हावे. त्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली. तोतयांना आवर घालणे हाच या निर्देशांचा हेतू आहे. परंतु लँडलाइनला सिमच नसते, तेव्हा खबरदारी म्हणून कारखान्याने डिसेंबरमध्ये फर्मच्या नावावर एक पोस्टपेड सिम घेतले. ते जुन्या हँडसेटमध्ये घातले आहे, नव्या बिलबुकावर लँडलाइनच्या खाली त्याचा नंबर छापला आहे आणि व्यापाऱ्यांना दोन्ही नंबर एकाच नावाने साठवायला सांगितले आहे. गरज पडली तर ॲपमधल्या नंबर बदलण्याच्या सोयीने खाते त्या सिमवर नेता येईल. ब्रॉडकास्ट पोचण्यासाठी नवा नंबर आधीच साठवलेला असावा लागेल, म्हणून धाकट्या भावांनी या वेळी वसुलीच्या प्रत्येक फोनवर हे काम उरकायला सुरुवात केली आहे. हुबळी आणि नागपूरची नावे झाली आहेत, कोलकात्याची चालू आहेत.